हाताला लागलेला टाका

माझ्या तोंडाला कडीकोयंडा नाही, हे सगळ्या आर्लबरी गावाला ठाऊक आहे. गुरुवारच्या बाजारात कांदे घेताना मी काही बोलले तर ते माझ्याआधी घरी पोचतं, असं माझा नवरा क्लेम म्हणायचा. नेस्टा टॉलीला गुपित सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. म्हणू देत. पण एक गोष्ट मी दीड वर्ष पोटात ठेवली होती, क्लेमलासुद्धा कळू दिली नव्हती, आणि ज्या बाईसाठी ठेवली तिनंच ती शेवटी सगळ्यांसमोर उघडी केली. तेव्हा आता सांगायला हरकत नाही. ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

आम्ही टाके भरणाऱ्या. गिरणीत खालच्या मजल्यावर मागांवर पुरुष विणायचे आणि वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खिडक्यांपाशी आम्ही तीस बायका बसायचो. त्या खोलीला टाकेघर म्हणत. गालिचा मागावरून उतरला की त्यात कुठे ना कुठे टाका सुटलेला असतोच. दोरा तुटतो, विणकराचं लक्ष घोड्यांच्या शर्यतीत असतं, काहीही होतं. ती बारीक भोकं शोधायची, सुईनं नेमक्या रंगाची लोकर भरायची, कातरायची, आणि तो टाका शेजारच्या टाक्यांत असा मिसळून टाकायचा की बापजन्मात कुणाला कळू नये. विणकर मिशीला पीळ देऊन म्हणायचे, गालिचे आम्ही विणतो. आम्ही म्हणायचो, तुम्ही भोकं विणता, गालिचा आम्ही करतो.

एका उतरत्या फळीवर गालिचा ओढून घ्यायचा आणि फळीला दोघी. माझी जोडीदारीण मिसेस पार्डो. लेटिस पार्डो त्यांचं नाव, पण लेटिस म्हणायची टाप कुणाची नव्हती. मी पंधरा वर्षांची पोर त्यांच्या हाताखाली आले ती एकोणीसशे अठ्ठेचाळीसमध्ये, तेव्हाच त्यांची तीस वर्षं त्या बाकावर झाली होती. नवरा लढाईआधीच गेलेला, एकुलता मुलगा कॅनडाला. घरी काय आहे, भिंती आहेत, असं म्हणायच्या आणि भोंगा व्हायच्या आधी दहा मिनिटं फळीशी हजर असायच्या. भोंग्याला आम्ही बैल म्हणायचो. बैल ओरडला की सगळं गाव चालायला लागायचं.

पार्डोबाईंची एक सवय होती. सकाळी आल्या की टोपी काढायच्या, डोळे मिटायच्या आणि आदल्या दिवशी भरलेल्या भागावरून उजवा तळवा सावकाश फिरवायच्या. काल जे भरलं ते आज हाताला लागता कामा नये, हा त्यांचा नियम. डोळा फसतो, हात फसत नाही. मग सुई.

मला शिकवताना त्यांनी माझी हाडं मऊ केली. आमच्याकडे नवीन पोरगी आली की तिला एक फेंट द्यायचे. फेंट म्हणजे गालिच्याचा उरलासुरला तुकडा. गावात कोंबड्यांच्या खुराड्यातसुद्धा गालिचा असायचा तो या फेंटांचाच. त्या फेंटात शिकवणारी बाई नऊ टाक्यांएवढं भोक पाडायची आणि पोरीनं ते भरायचं. भरून झालं की तो फेंट खोलीभर फिरायचा. तीसही जणी डोळे मिटून त्यावर हात फिरवायच्या. एकीच्या जरी हाताला लागला तरी उसवा आणि पुन्हा भरा. मी अकरा वेळा उसवला. अकराव्यांदा पार्डोबाईंनी तळवा फिरवला, थांबल्या, म्हणाल्या, "नेस्टा, तुझा टाका मान वर करून बघतो. तुझ्यासारखाच आहे." बाराव्यांदा तीसही जणींचे हात वरून निघून गेले. पार्डोबाईंचासुद्धा गेला, पण ओठाच्या कोपऱ्यात हसल्यासारख्या दिसल्या. ते मला पुढे बरीच वर्षं खुपत राहिलं.

प्रत्येकीचा फेंट तिच्या फळीखाली गुंडाळून ठेवलेला असायचा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो बाहेर काढायचा, सगळ्यांसमोर उलगडायचा, आणि जाणाऱ्या बाईनं पोरवयात भरलेले आपलेच नऊ टाके हातानं शोधायचे. सापडले नाहीत की टाळ्या, चहा, शहाजिऱ्याचा केक. आणि तिच्या नावावर सगळ्या नोकरीत एकही ठपका नसेल तर तो फेंट खिडकीशेजारच्या भिंतीवर लागायचा. ठपके लाल पुस्तकात लिहिलेले असत. भिंतीवर सातच फेंट होते, म्हणजे किती बायकांना जमलं ते समजा. सातवा पार्डोबाईंच्या आईचा. त्याच्याशेजारी एक खिळा रिकामा होता. तो कुणी ठोकला हे कुणी बोलत नसे, पण दुपारच्या चहाला पार्डोबाईंची नजर एकदा तरी त्या खिळ्यावर जायचीच.

एकोणीसशे बासष्टच्या एप्रिलमध्ये आमच्या फळीवर एका जहाजाचा गालिचा होता. लाल जमिनीवर मोठाली हिरवी पानं. पार्डोबाईंनी एक पान भरलं, टाके नेहमीसारखे सुरेख, आणि पानाच्या पोटात सहा टाके गडद निळे. मला वाटलं गंमत करताहेत. पार्डोबाई आणि गंमत, हे कधी घडलं नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी त्या म्हणाल्या, "बाटलीहिरवा संपत आला गं. खाली सांग." आणि गळ्यातल्या लोकरीच्या लडींमधून त्यांनी मला दाखवायला उचलली ती निळी.

माझं तोंड उघडंच राहिलं. पण त्यातून शब्द बाहेर आला नाही, कारण मला क्लॅरिस मोल आठवली. क्लॅरिस आमच्याच खोलीतली. तिची नजर गेली तेव्हा तिला तळघरात बसवलं, कचऱ्यातली लोकर निवडायला, जाड एकीकडे, बारीक एकीकडे. तिथे दिवस असो रात्र असो, एक पिवळा दिवा. आम्ही दुपारी जिन्यावरून उतरायचो तेव्हा ती पावलं ओळखून एकेकीला नावानं हाक मारायची. आम्ही मेल्या घाईघाईनं पुढे जायचो. वर्षभरात गेली बिचारी. त्या दिवशी स्मशानातून येताना पार्डोबाई मला म्हणाल्या होत्या की आपण या बाकावरून स्वतःच्या पायांनी उठून जायचं, साठाव्या वाढदिवशी, आईसारखं. त्यांना साठ वर्षं पुरी व्हायला आता दीड वर्ष राहिलं होतं.

मी खाली गेले, बाटलीहिरवी लोकर आणली, त्यांच्या गळ्यात घातली आणि गप्प बसले. आयुष्यातलं सर्वांत अवघड काम केलं म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी बैल ओरडायच्या तासभर आधी मी फाटकाशी उभी. बॉयलरवाल्या म्हाताऱ्याला सांगितलं की माझा हात मंद आहे, भरपाई करते. फळीशी बसले, निळे टाके उपसले, हिरवे भरले, कातरले, लोकरीचे तुकडे एप्रनमध्ये गोळा करून चुलीत टाकले. पार्डोबाई आल्या, टोपी काढली, डोळे मिटून तळवा फिरवला आणि सुई हातात घेतली. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, चला, जमलं.

मग रोजचंच झालं. दिवसा मी फळीशेजारी बसून बडबड करायची, मुद्दाम. हा करडा किती मेला मळका आहे नाही, हा राजाच्या टोपीचा निळा, हा आमच्या सासूच्या चेहऱ्यासारखा हिरवा. असं बोलत त्यांच्या हाताशी हवी ती लड सरकवायची. पुष्कळ टाके असे निभावायचे. जे निसटायचे ते सकाळी. क्लेमनं महिनाभर पाहिलं आणि एक दिवस डबा भरताना विचारलं की पहाटे उठून कुणाला भेटायला जातेस. मी म्हटलं, एका निळ्या पानाला. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आणि खरं सांगू का, मला त्याचा गर्व व्हायला लागला होता. पार्डोबाईंच्या नाकाखाली त्यांच्याच फळीवर मी टाके भरते आणि त्यांच्या तळव्याला पत्ता लागत नाही. ज्यांनी मला अकरा वेळा उसवायला लावलं त्यांना. त्यांच्यासाठी जीव तुटायचा हे खरं, पण मनातल्या मनात मी मिरवतही होते. दोन्ही एकदम होतं माणसाला.

त्या वर्षीच्या हिवाळ्याची म्हातारे लोक अजून आठवण काढतात. नदी गोठली. आमची नदी कधी लाल, कधी जांभळी वाहायची, रंगाच्या हौदात त्या दिवशी जे असेल तशी. त्या वर्षी गोठली तेव्हा पट्ट्यापट्ट्यांचं बर्फ झालं आणि पोरं त्यावर घसरून घरी रंगीत होऊन यायची. त्याच वेळी आमच्या फळीवर टाउन हॉलचा गालिचा आला. आमच्या गावानं जगाला गालिचे घातले, राजवाड्यांना घातले, पण आमच्याच टाउन हॉलात बूट वाजवत चालायची उघडी फळ्यांची जमीन. यंदा प्रथमच गावासाठी म्हणून गालिचा विणला होता, लाल जमीन, कडेनं ओकची हिरवी पानं. पार्डोबाईंना तो आपल्या हातचा हवा होता. आणि नेमकी मी तापानं आडवी झाले.

तीन दिवस अंथरुणात तळमळले. अंगाच्या तापानं कमी आणि त्या पानांच्या विचारानं जास्त. गुरुवारी उठले, क्लेम ओरडत असताना कोट चढवला आणि पहाटे फाटकाशी गेले. पानं बघितली. तीन दिवसांचं काम, आणि अर्धं निळं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तरी बैल ओरडेपर्यंत उपसलं, भरलं, उपसलं, भरलं. त्याच दुपारी गालिचा तपासणीला गेला.

शुक्रवारी तपासनीस अ‍ॅटवुडसाहेब वर आले. अ‍ॅटवुडसाहेब वाईट माणूस नव्हे. पण त्यांच्या हातात ते लाल पुस्तक असलं की खोलीतल्या कात्र्यासुद्धा थांबायच्या. ते थेट आमच्या फळीशी आले. टाउन हॉलच्या गालिच्यात एका हिरव्या पानात अकरा निळे टाके निघाले, ते कुणाचे, असं त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी पार्डोबाईंकडे पाहिलं. त्या सुईत दोरा ओवत होत्या. दोरा ओवून झाला होता तरी ओवत होत्या.

"माझे," मी म्हटलं. "काल ताप होता अंगात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पार्डोबाईंकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग पुस्तकात लिहिलं. एन. टॉली, अकरा टाके, रंगाची चूक. त्या वर्षी ईस्टरला आमच्या टाकेघराची मुकादमीण निवृत्त होणार होती आणि तिच्या जागी मी बसणार हे सगळ्या खोलीनं धरून ठेवलं होतं. मीही धरलं होतं, नाही कशाला म्हणू. क्लेमला सांगून बसले होते. ठपका पडला आणि ती जागा ग्वेंडा हिंक्सला गेली. ग्वेंडा चांगली बाई आहे, पण तिची कात्री बोथट असते.

ते जाऊ दे. जागेचं मला तेवढं लागलं नाही. लागलं ते हे, की पार्डोबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, ईस्टरला नाही. आपल्याला रंग कळत नाहीत हे त्यांना माहीतच नसेल, असं मी मनाला समजावत होते. पण मन काही दूधखुळं नसतं. तीन दिवस मी घरी होते आणि पानं कुणी भरली हे त्यांना माहीत नव्हतं का? मी रागानं फणफणत घरी जायची, भांडी आपटायची, उद्यापासून जाणारच नाही म्हणायची. आणि पहाट झाली की कोट चढवून फाटकाशी. क्लेम म्हणाला, तुझं त्या निळ्या पानाशी लग्नच लागलंय. तोवर त्याला थोडंफार कळलं असावं, कारण तो माझ्या डब्यात पहाटेसाठी वेगळा पाव बांधून द्यायला लागला होता.

फळीवर आम्ही कामापुरतं बोलायचो. माझी बडबड थांबली. लड पुढे सरकवायची, पण मुकाट्यानं. सासूचा चेहरा वगैरे बंद. पार्डोबाईंनी एकदा विचारलं, सासू बरी आहे ना तुझी? मी म्हटलं, बरी आहे. बस्स.

असा ऑक्टोबर उजाडला. त्यांचा साठावा वाढदिवस शुक्रवारी होता. दुपारी माग थांबवून खालचे विणकरसुद्धा जिन्यात येऊन उभे राहिले. ग्वेंडानं मोठी किटली आणली, कुणी केक, कुणी डुकराच्या मांसाची पाई. अ‍ॅटवुडसाहेब स्वच्छ कॉलर लावून आले. कुणीतरी आदल्या दिवशीच स्टुलावर चढून भिंतीवरचा रिकामा खिळा पुसून ठेवला होता. हो, मीच. राग होता, पण म्हणून खिळ्यावर धूळ राहू द्यायची का?

त्यांचा फेंट उलगडला. एकोणीसशे सतराचा, तपकिरी जमीन, फिकट गुलाब. पार्डोबाईंनी टोपी काढली, डोळे मिटले, आणि तळवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. परत आणला. पुन्हा नेला. चौदा वर्षांच्या पोरीनं भरलेले नऊ टाके सेहेचाळीस वर्षांनी तिच्याच हाताला सापडेनात. त्यांनी डोळे उघडून मान हलवली आणि आम्ही टाळ्या पिटल्या. विणकरांनी जिन्यातून शिट्या मारल्या. ग्वेंडा फेंट घेऊन स्टुलाकडे निघाली.

"थांब," पार्डोबाई म्हणाल्या. "आधी नेस्टाचा आण."

असं कधी कुणी मागितलं नव्हतं. माझा फेंट माझ्या फळीखाली होता, पंधरा वर्षांचा, त्यावर माझी चहाची भांडी ठेवलेली असायची. झटकून उलगडला. पार्डोबाईंनी पुन्हा डोळे मिटले. तळवा निघाला, सावकाश, सावकाश, आणि डाव्या कोपऱ्याशी थांबला. दोन बोटं टेकवून म्हणाल्या, "इथं."

खोली हसून हसून लोळली. पंधरा वर्षांनी सापडली नेस्टा, आता उसव, पुन्हा भर, असं चाललं होतं. मी लाजेनं लाल झाले होते, आणि हसण्याच्या त्या गोंधळात पार्डोबाई माझ्याकडे वाकल्या. फक्त मला ऐकू येईल असं बोलल्या.

"मान वर करून बघतो तो. दीड वर्ष रोज सकाळी हाच टाका माझ्या हाताला लागतोय, पोरी."

रोज सकाळी. म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी आपली मिरवत होते, आणि त्या तळव्यानं एकूण एक टाका ओळखला होता.

त्या सरळ उभ्या राहिल्या. "अ‍ॅटवुडसाहेब, ते लाल पुस्तक आणा."

साहेब हसत म्हणाले की आज कशाला, आज केक खा.

"आजच. फेब्रुवारीचं पान काढा. टाउन हॉलच्या गालिच्यातले अकरा टाके नेस्टाचे नव्हते, माझे होते. मला हिरवा आणि निळा वेगळा दिसत नाही. दीड वर्षात या फळीवरून जे बरोबर गेलं ते हिनं पहाटे येऊन केलं. जे चुकलं ते माझं."

हसणं कुठल्या कुठे गेलं. ग्वेंडा हातात फेंट घेऊन स्टुलावर चढली होती, ती तिथेच उभी. अ‍ॅटवुडसाहेबांनी घसा खाकरला. "मिसेस पार्डो, तुम्ही आज चाललात. राहू द्या ना. हे लिहिलं तर..." आणि भिंतीकडे बघितलं.

"मला माहीत आहे काय होतं ते. लिहा."

त्यांनी लिहिलं. माझं नाव खोडलं, वर पार्डोबाईंचं घातलं. पार्डोबाई शेजारी उभं राहून लिहून होईपर्यंत थांबल्या, जणू दुकानदार वजन नीट करतो की नाही ते बघताहेत. मग ग्वेंडाच्या हातून आपला फेंट घेतला, गुंडाळला आणि माझ्या काखेत खुपसला. टोपी घातली. आईच्या फेंटाकडे आणि शेजारच्या खिळ्याकडे एकदा बघितलं, आणि स्वतःच्या पायांनी जिना उतरून गेल्या.

मी धावले मागून. पुलावर गाठलं. आणि सांगू का, मी त्यांचे आभार मानले नाहीत. मी भांडले. भर पुलावर, येणारे जाणारे बघत असताना. दीड वर्ष मी झोप मोडली, ताप अंगावर काढला, नवऱ्याचे बोल खाल्ले, तो एक खिळा तुम्हाला मिळावा म्हणून, आणि तुम्ही तो एका मिनिटात घालवलात. कुणी मागितलं होतं तुमच्याकडे, असं मी ओरडत होते आणि रडत होते.

पार्डोबाईंनी मला पुरतं ओरडू दिलं. मग कठड्याला हात लावून म्हणाल्या, "फेब्रुवारीतच तोंड उघडायला हवं होतं. भ्याले गं. तळघराला भ्याले. रोज रात्री ठरवायचे, उद्या सांगायचं. आणि सकाळी तळव्याला तुझा टाका लागला की वाटायचं, आहे आपलं कुणीतरी. अजून एक दिवस बसू."

दीड वर्ष मी त्या बाईचं नाव सांभाळलं, आणि तिनं ते माझ्यावरून ओवाळून टाकलं. आम्ही दोघी नदीकडे बघत उभ्या राहिलो. नदी त्या दिवशी हिरवी होती. त्यांनी विचारलं, कसली आहे गं? मी म्हटलं, हिरवी, माझ्या सासूसारखी. तेव्हा कुठे हसल्या.

पुढे बर्मिंगहॅमला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, तुझा हा कोट निळा आहे होय? मी इतकी वर्षं हिरवा समजत होते. टाकेघरातल्या बायकांनी ठराव करून फेंट लावायचाच म्हटलं, साहेबही तयार होते, पण पार्डोबाई म्हणाल्या की नियम म्हणजे नियम, माझ्या आईला काय वाटेल. म्हणून तो माझ्याकडेच राहिला. ग्वेंडानंतर मुकादमीण मी झाले, माझी कात्री कधी बोथट नव्हती.

गिरणी बंद पडली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पाडायला यंत्रं आली तेव्हा मी भिंतीवरच्या फेंटांची चौकशी करायला गेले. साहेबलोकांनी खांदे उडवले. सातही गेले, विटामातीबरोबर, पार्डोबाईंच्या आईचासुद्धा. त्या भिंतीवर लागण्यासाठी बायकांनी जन्म काढले, आणि त्या सगळ्यांमधला एकच उरला आहे, जो लागला नाही तो. माझ्या पलंगाशेजारी असतो. सकाळी पहिल्यांदा पाय मी त्यावर ठेवत नाही, आधी हात ठेवते.

आता मलाही हिरवा आणि निळा नीट कळत नाही. नात म्हणते ऑपरेशन करून घे, दहा मिनिटांचं काम आहे. करीन. पण रोज सकाळी डोळे मिटून त्या गुलाबांवरून तळवा फिरवते, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. साठ वर्षं झाली. पार्डोबाईंचे ते नऊ टाके मला अजून सापडलेले नाहीत.